एका घाटाने चढा, दुसऱ्याने उतरा

पावसाळ्यातल्या रविवारी माळशेजला आणि ताम्हिणीला गाड्यांची रांग लागते. माणसं धबधब्याखाली भिजतात, कणसं खातात, कठड्याशी फोटो काढतात आणि आल्या वाटेने घरी परततात. आनंद मिळतो, पण घाट पाहायचा राहूनच जातो. घाट कोकणातून देशावर नेतो. तो पुरा ओलांडला, की काही तासांत हवा बदलते, शेतातलं पीक बदलतं, बोलण्याचा हेल बदलतो आणि पानात तांदळाच्या भाकरीच्या जागी बाजरीची भाकरी येते. हा बदल कुठल्याही ‘पॉइंट’वर उभं राहून दिसत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की सहल आखताना घाट या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायचा आणि परतीला शक्यतो दुसरा घाट धरायचा. पायी, सायकलवर आणि गाडीने हे कसं जमवायचं, ते पुढे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: डोंगर वाचायला शिका

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यातून सह्याद्रीचा हा डोंगर घडला. कठीण थराचा उभा कडा झाला, मऊ थर झिजून सपाटी झाली. कोकणातल्या गावातून वर पाहिलंत तर ही उतरंड स्वच्छ दिसते: खाली गाव, मग डोंगराचा उतरता फाटा म्हणजे झाडीची सोंड, मग मधली आडवी सपाटी, तिच्यावर काळा कडा आणि त्यावर घाटमाथा. या मधल्या सपाटीला पदर म्हणतात. पदरात दाट जंगल असतं, बऱ्याचदा पाणी असतं आणि ढोरवाटांचं जाळंही असतं.

जुन्या घाटवाटा या रचनेला धरूनच आखलेल्या आहेत. वाट सोंडेवरून पदरापर्यंत चढते, पदरातून आडवी जाते आणि शेवटचा कडा जिथे फुटलेला असेल तिथून माथा गाठते. कडा फोडणारी जागा ओढ्याने कापलेली असेल तर ती नाळ किंवा नळी. तिथे दगडधोंड्यांतून चढावं लागतं. दोन डोंगरांमधली खाच असेल तर खिंड. कातळात पायऱ्या खोदलेल्या असतील किंवा शिडी लावलेली असेल, तर घाटाच्या नावातच ते येतं; भीमाशंकरला खांडसहून जाणारा शिडी घाट तसाच. एवढं कळलं की नकाशातल्या रेषा अर्थपूर्ण वाटू लागतात. वाट चुकते ती बहुतेक वेळा पदरात, कारण तिथे गुराढोरांच्या वाटा माणसांच्या वाटेपेक्षा ठळक असतात. पदरात पोहोचल्यावर पाच मिनिटं थांबा, वर कड्यातली खाच कुठे आहे ते हेरा आणि मगच पुढे चला.

मोबाइलमध्ये नकाशा आणि वाटेची नोंद घरूनच उतरवून ठेवा. नाळेत आणि पदरात रेंज मिळेल हे गृहीत धरू नका.

दुसरी पायरी: महिना निवडा

समुद्रावरून येणारे ढग कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहून कमी, आणि पायथ्याच्या वाईला तर आणखी कितीतरी कमी. म्हणजे ज्या पट्ट्यातून आपल्याला जायचं आहे, तोच सगळ्यात जास्त पावसाचा.

जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा मी अनोळखी घाटासाठी सुचवणार नाही. माळीणवर दरड कोसळली ती ३० जुलै २०१४ला, महाड तालुक्यातल्या तळियेवर २२ जुलै २०२१ला. दोन्ही गावं याच डोंगररांगेच्या कुशीतली. सतत दोन-तीन दिवस पाऊस झाला असेल आणि हवामान खात्याने घाटक्षेत्राला रेड किंवा ऑरेंज अलर्ट दिला असेल, तर बेत रद्द करा. त्यावर चर्चा करण्यासारखं काही नाही.

सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हा रस्त्याच्या घाटांचा सर्वोत्तम काळ. पाणी अजून वाहत असतं, हवा स्वच्छ झालेली असते, तेरडा आणि सोनकी फुललेली असते. पायी घाटवाटांसाठी नोव्हेंबर ते जानेवारी. फेब्रुवारीपासून ओढे आटतात, गवत वाळतं आणि वाळलेल्या गवताखालचा मुरूम पायाखालून सरकतो. या घसाऱ्यावर उतरणं ओल्या दगडावर उतरण्यापेक्षा अवघड जातं. मे महिन्यात करवंदं-जांभळं भरपूर मिळतात, पण चालायचं असेल तर पहाटे, आणि दहाच्या आत माथ्यावर पोहोचायचं.

पायी: नाणेघाटापासून सुरुवात करा

पहिली घाटवाट म्हणून नाणेघाटासारखी दुसरी नाही. वाट ठळक आहे, चढ दमवणारा असला तरी अवघड नाही, आणि माथ्यावर दोन हजार वर्षांचा पुरावा उभा आहे. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे.

कल्याणहून माळशेजमार्गे जुन्नर, आळेफाटा किंवा नगरकडे जाणारी एसटी पकडा. वैशाखरे गाव मागे टाकलं की थोड्या अंतरावर रस्त्यालगत नाणेघाटाची पाटी लागते. कंडक्टरला तिकीट काढतानाच सांगून ठेवा, कारण तिथे मोठं गाव नाही आणि पाटी झटकन मागे पडते. सकाळी सातच्या सुमारास चालायला लागता येईल अशी गाडी निवडा किंवा आदल्या रात्री मुरबाडपर्यंत या.

सुरुवातीचा तासभर वाट जंगलातून, ओढे ओलांडत, हळूहळू चढते. इथे वेग वाढवण्याचा मोह होतो. तो आवरा, कारण खरा चढ पुढे आहे. झाडी विरळ झाली की समोर नानाचा अंगठा नावाचा सुळक्यासारखा कडा दिसू लागतो. तो डोक्यावर ठेवूनच पुढे जायचं. मग रचीव दगडांच्या पायऱ्या सुरू होतात. शतकानुशतकांच्या वाहतुकीने हे दगड गुळगुळीत झाले आहेत, त्यामुळे पाऊस असो वा नसो, पाऊल पूर्ण टेकवून टाका. टाचेवर उतरू नका. एकूण चढाई सहा-सातशे मीटरची आहे. रमतगमत गेलात तर अडीच ते तीन तास लागतात.

खिंडीच्या तोंडाशी, वाटेलगतच, कातळात कोरलेली गुहा येते. पाठपिशवी काढा आणि किमान अर्धा तास इथे द्या. आतल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला मोठा लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानला जातो. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यात दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नावाच्या नाण्यांची ती जंत्री आहे. दानाचे आकडे चिन्हांनी लिहिलेले असल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतीला फार मोलाचं स्थान आहे. १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका), सातकर्णी अशा राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आता वरची नावं आणि पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

लेख समोरून पाहिला तर भिंत नुसतीच खडबडीत दिसते. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून उजेड तिरका पाडा. एकेक अक्षर सावलीसकट उठून येतं. अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून खडू फासणं किंवा पाणी मारणं कटाक्षाने टाळा, कुणी करत असेल तर थांबवा. एवढ्या मोलाचा दगड आपल्या हाताच्या अंतरावर उघडा आहे, त्याची राखण आपणच करायची.

गुहेजवळ पाण्याची टाकी आहेत. पाणी गाळून, शुद्ध करूनच प्या. खिंडीतून वर आलात की पठारावर मोठा दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात. इथून कड्याकडे गेलात तर खाली आपण चढून आलेली वाट पूर्ण दिसते. कड्याच्या टोकापासून मात्र लांब राहा. वारा अचानक फिरतो.

आता परत फिरू नका. पुढे चालत घाटघर गाठा, तिथे कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी मिळते. आधी फोन झालेला असेल तर उत्तम, नाहीतर तासभर वाट पाहायची तयारी ठेवा. घाटघरहून जुन्नर तीसेक किलोमीटर आहे. गाड्या मोजक्या असतात, त्यामुळे वेळ गावातच विचारून घ्या. जुन्नरहून कल्याणकडे जाणारी एसटी माळशेज घाट उतरते. सकाळी पायांनी चढलेली भिंत संध्याकाळी खिडकीतून शेजारच्या घाटाने उतरताना पाहायची, यात जुना आणि नवा घाट एका दिवसात हाती लागतात. खिडकी दरीच्या बाजूची धरा.

जवळचा जीवधन किल्ला खुणावतो, पण तो दुसऱ्या दिवशी करा. आणि इथल्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, ढोल, यांतलं काहीही नको. माशा उठल्याच तर डोकं-तोंड कापडाने झाकून शांतपणे पण लगेच तिथून लांब व्हा, हात हलवू नका.

सोबत काय घ्याल? माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखरेची पाकिटं, पकड असलेले रबरी तळव्याचे बूट, काठी, पूर्ण बाह्यांचा सदरा, शिट्टी, विजेरी आणि डबा. सॅकमध्ये याहून जास्त भरलंत तर चढावर पस्तावाल. अनोळखी घाटवाटेला गावातला वाटाड्या घ्या. त्याचे पैसे निघण्यापूर्वी ठरवा, आणि त्यात त्याच्या परतीच्या चालीचाही विचार करा. तुम्हाला माथ्यावर सोडून त्याला एकट्याला खाली यायचं असतं.

सायकलवर: आधी पसरणी, मग आंबेनळी

सायकलवरून घाट चढताना डोंगराचा प्रत्येक मीटर मांडीत जाणवतो, आणि वेग इतका कमी असतो की करवीच्या झुडपातला पक्षीही दिसतो. मला तर वाटतं, डांबरी घाटाला न्याय द्यावा तो सायकलनेच.

पहिला घाट वाई ते पाचगणी, म्हणजे पसरणीचा. बाराएक किलोमीटरमध्ये पाच-सहाशे मीटर चढ, आणि तो बऱ्यापैकी एकसारखा. वर चढाल तसा कृष्णेचा खोरा आणि धोम धरणाचं पाणी खाली पसरत जातं. सकाळी सहाला वाई सोडा. शनिवार-रविवारी नऊनंतर महाबळेश्वरच्या गाड्यांची रीघ लागते, तेव्हा तुम्ही वर पोहोचलेले बरे.

हा घाट सायकलवरून खाली न उतरता पूर्ण चढता आला, की आंबेनळी. पोलादपूर ते महाबळेश्वर हे चाळीसेक किलोमीटर, आणि कोकणच्या पायथ्यापासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर. चढ दोन टप्प्यांत आहे. पहिला पोलादपूरपासून प्रतापगडाखालच्या कुंभरोशीपर्यंत. तिथे जेवण, सरबत, विश्रांती, सगळं होतं. दुसरा कुंभरोशीपासून महाबळेश्वरपर्यंत, झाडीतून. पहिला टप्पा उन्हाचा, म्हणून तो सकाळी दहाच्या आत संपवा. १६५९ मध्ये अफजलखानाची फौज ज्या रडतोंडीच्या घाटाने जावळीच्या खोऱ्यात उतरली तोही याच डोंगरात. सायकल ढकलत असाल तर त्या नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

चढण्याची रीत साधी आहे. मागच्या चक्रांत सगळ्यात मोठं किमान ३२ दातांचं हवं. चढ सुरू होण्याआधीच हलका गियर टाका. चढावर जोर लावून गियर बदलला की साखळी उतरते. बोलता येईल इतकाच दम लागू द्या. तासाला सहा-सात किलोमीटर हा घाटातला सन्मानाचा वेग आहे. दर तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, आणि भूक लागण्याआधी खाणं: राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, केळं, गूळ-शेंगदाणे.

खरी परीक्षा उतारावर. माथ्यावर पोहोचल्यावर घामेजलेल्या अंगावर आधी वाऱ्याचं जॅकेट चढवा, मग दोन्ही ब्रेक, दोन्ही चाकं आणि त्यांची कड्या-नटं तपासा. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवू नका. रिमला घासणारे ब्रेक असतील तर रिम इतकी तापते की आतली ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक ठामपणे दाबा, वेग उतरवा, आणि वळणात ब्रेक सोडून द्या. वळणात पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरतंच. नजर चाकापुढे नको, वळण जिथे संपतं तिथे हवी. दर तीन-चार किलोमीटरला थांबा, रिमजवळ हात नेऊन उष्णता पाहा. डिस्क ब्रेक असतील तर चकतीला बोट लावू नका, भाजेल.

रस्त्यावर तीन ठिकाणी जपायचं: वळणाच्या आतल्या बाजूची वाळू, ट्रक जिथे वळतात तिथे सांडलेलं डिझेल, आणि ओले पांढरे पट्टे. आणि समोरून येणारी एसटी अरुंद वळणावर तुमची बाजू वापरते, तिला पर्यायच नसतो. आंधळ्या वळणावर ती येतेच आहे असं धरून डावी कड पकडा.

गाडीने: वरंधा उतरा, ताम्हिणी चढा

पुण्याहून एका दिवसाचा, किंवा महाडला मुक्काम करून दोन दिवसांचा हा फेरा मी सगळ्यांना सुचवतो. भोरपर्यंत नेहमीचा रस्ता. भोरमध्ये टाकी भरून घ्या. पुढे नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता जातो, आणि घाट लागण्याआधीचा हा शांत पट्टाच अनेकांना घाटापेक्षा जास्त आवडतो. मग कावळ्या किल्ल्याचा डोंगर कापून रस्ता पलीकडे निघतो, आणि एकदम समोर कोकण उघडतं. इथल्या वाघजाईच्या देवळापाशी थांबा. गरम भजी आणि चहा मिळतो, आणि गाडी नीट बाजूला लावायला जागाही असते. खाली उतरल्यावर वाट वाकडी करून शिवथरघळ पाहता येते. मग महाड, माणगाव, निजामपूर करत ताम्हिणी चढून मुळशीमार्गे पुणे.

निघण्यापूर्वी एक काम न चुकता करा: वरंधा चालू आहे का ते पाहा. पावसाळ्यात इथे जड वाहनांना, कधी सगळ्याच वाहनांना बंदी घालणारे जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात, आणि नकाशाचं ॲप रस्ता मोकळा दाखवत राहतं. भोर किंवा महाडच्या पोलीस ठाण्यात किंवा एसटी आगारात फोन केला तर खरी परिस्थिती कळते. एसटी त्या रस्त्याने जात नसेल तर तुम्हीही जाऊ नका.

घाट उतरताना ज्या गियरने तो चढला असता त्याच गियरने उतरायचं, दुसरा किंवा तिसरा. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवण्याचा विचारही नको. इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत. ऑटोमॅटिक गाडीत खालचा गियर किंवा ‘एल’ वापरा. जळका वास आला तर रुंद जागा पाहून थांबा आणि ब्रेक आपोआप गार होऊ द्या, वर पाणी ओतू नका. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला तर पुन्हा उचलताना मागे सरकतो.

धुक्यात लो बीम लावा. हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय हे कळत नाही. काहीच दिसेनासं झालं तर रस्त्याच्या कडेला नको, एखाद्या टपरीच्या किंवा देवळाच्या आवारात गाडी न्या. आणि दरडीच्या भिंतीखाली कधीच थांबू नका, फोटो कितीही चांगला येत असला तरी. वरून बारीक खडे किंवा गढूळ पाणी येऊ लागलं, तर मोठा दगड मागून येतोय असं समजा.

मोटारसायकलवाल्यांना सायकलचे उताराचे सगळे नियम लागू, शिवाय माकडांचा. खाऊ दिसला की ती थेट रस्त्यावर उडी घेतात. त्यांना खायला घालणारा प्रत्येक प्रवासी पुढच्या दुचाकीस्वाराला संकटात टाकतो. दोघं जात असाल तर मागच्याने वळणात चालकाच्या उलट बाजूला झुकू नये, एवढं आधी सांगून ठेवा.

धबधब्यांबद्दल वेगळं सांगतो. वर माथ्यावर पाऊस पडतो तेव्हा खाली ऊन असू शकतं, आणि ओढा मिनिटांत फुगतो. पाण्याचा रंग मातकट झाला, वाहून येणारी पानं-काटक्या वाढल्या, आवाज जड झाला, तर त्या क्षणी काठावर या. ओढ्यापलीकडे अडकलात तर पलीकडेच थांबा. पाऊस ओसरला की पाणी काही तासांत उतरतं. अपघात झालाच तर १०८ला रुग्णवाहिका, ११२ला पोलीस. जागा सांगताना शेवटचं ओलांडलेलं गाव आणि किलोमीटरचा दगड सांगा.

पुढचे घाट

नाणेघाट झाल्यावर पायी दोन वाटा लगेच घ्याव्यात. एक लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याहून चावणीकडे उतरणारी. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान या मोगल सरदाराची फौज हीच वाट उतरली आणि खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी तिला कोंडलं. वाटेवरून चालताना फौजेला मागे का वळता आलं नाही ते पायांनाच समजतं. दुसरी पुणे जिल्ह्यातल्या केळद गावचा मढे घाट. सिंहगडाच्या लढाईनंतर तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने उमरठ्याला नेला, अशी परंपरा आहे. केळदकडून उतरून शेजारच्या उपांड्या घाटाने चढून आलात, की गाडी उभी केलेल्या गावातच परत येता, हा त्याचा मोठा फायदा.

सायकलसाठी सावंतवाडी ते आंबोली, पावसाळा संपता संपता, आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार. गाडीसाठी कऱ्हाड-चिपळूणचा कुंभार्ली आणि कोल्हापूर-रत्नागिरीचा आंबा यांची जोडी करा: एकाने उतरून, संगमेश्वरच्या बाजूला मुक्काम करून, दुसऱ्याने चढा. गोव्याकडे निघाला असाल तर बेळगावहून चोर्ला उतरा आणि परत येताना मोलेमहून अनमोड चढा. दोन्ही घाट जंगलातून जातात, तेव्हा दोन्ही वेळा दिवस मावळायच्या आत माथा किंवा पायथा गाठेल असाच निघायचा वेळ ठेवा.